सासऱ्यांची गाडी, चौकमार्गे

आमच्या कऱ्हाडात कोणाला सासरवाडी कर्जतची म्हणून सांगितलं की तो आधी नगरकडचं कर्जत धरतो आणि तिकडच्या पाण्याबद्दल हळहळतो. ते नव्हे, कुलाबा जिल्ह्यातलं, घाटाखालचं, असं समजावलं की मासळीची चौकशी करतो. कर्जतला समुद्र नाही हे कळल्यावर त्याचा रस संपतो. तेव्हा ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही आणि ज्यांना पाहायची फारशी हौसही नाही, अशांसाठी हे लिहितो आहे.

जायचं कारण धोंड्याचा महिना. यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच अधिक महिना. या महिन्यात लेक लक्ष्मी आणि जावई नारायण. नारायणाने सासरी जायचं, पुरणाचे धोंडे खायचे, अनारशांचं वाण घ्यायचं आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. मी बाजार समितीत कारकून आहे. इतक्या सोप्या कामासाठी रजा मिळते याचंच मला नवल वाटत होतं.

खोपोली

पुण्याहून निघालेली एसटी घाट कशी उतरली हे माझी पत्नी सुमन सांगू शकेल. मी डोळे मिटून होतो. खोपोलीच्या स्टँडवर उतरलो आणि सदरा पाठीला चिकटला. आमच्याकडे उन्हाळ्यात ऊन लागतं, इथे नुसती हवा लागते. सावलीत उभं राहूनही काही फरक पडत नाही.

न्यायला सासरे येणार होते. गावभर त्यांना तात्या म्हणतात. मी तोंडावर मामा म्हणतो, लिहिताना तात्याच बरं. तात्यांची भातशेती आहे, पण उमेदीची वर्षं त्यांनी कर्जतला हवा पालटायला येणाऱ्या एका मुंबईकर शेठजींची गाडी चालवण्यात घालवली. शेठजी थकले तेव्हा गाडी तात्यांना देऊन गेले. काळी, गोल पाठीची, इंग्रजांच्या वेळची. कोणत्या कंपनीची ते पुढच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं, आणि बिल्ला कधीच पडून गेला होता.

गाडी लांबून दिसली. ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येत होती.

तात्या उतरले, टोपी नीट केली, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "पुढं बसा, जावईबापू. आन् नीट बघा. घरी तुमाला एक सवाल इचारनार हायेत."

सुमन मागे बसली आणि सवयीने पाय वर घेतले. गाडीच्या तळाला बरीच भोकं आहेत. त्यांतून खालचा रस्ता दिसतो, आणि उन्हाळ्यात तो दिसण्यावरच थांबत नाही, वरही येतो.

सवाल काय, ते तात्यांनी गाडी चालवता चालवता सांगितलं. शिमग्याच्या बाजाराला ते सासूबाईंना घेऊन कर्जतला निघाले होते. वाटेत मोरीपाशी गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. सासूबाई पदर खोचून खाली उतरल्या, उरलेली वाट पायी गेल्या आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "तुमचे हात गेले." तात्यांचं म्हणणं, हात शाबूत आहेत, गाडी सैल झाली आहे. सासूबाईंचं म्हणणं, गाडी पहिल्यापासून तशीच आहे, माणूस मात्र म्हातारा होतो. तेव्हापासून त्या गाडीत बसलेल्या नाहीत. कर्जतच्या भंगारवाल्याला त्यांनी सांगूनही ठेवलं होतं. शेवटी असं ठरलं की धोंड्याला जावई येईल, त्याने प्रवास करावा आणि सांगावं, दोष गाडीचा की हातांचा. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे दोघांनी कबूल केलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे मी हात म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर गाडी भंगारात. म्या परत चालवनार नाय." तात्या समोर बघत म्हणाले. "तुमाला काय बोलायचं ते म्या शिकवनार नाय. निस्तं बघा."

मी बघू लागलो. रस्ता सरळ होता तरी तात्यांचे हात स्टेअरिंगवर सारखे हलत होते, इकडे थोडे, तिकडे थोडे, सुपात तांदूळ पाखडावेत तसे. गाडी ते ऐकून घ्यायची, जरा वेळाने आपल्या मनाने एका बाजूला सरकायची. मग तात्या दुसरीकडे पाखडायचे. समोरून ट्रक आला की मी पाय दाबून धरत होतो. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तिथेही एक भोक होतं.

मागून सुमन बोलली. घाट उतरला की तिची बोली बदलते. "तात्या, ह्यो घरचा रस्ता नाय."

"चौकला जातोय गं. मिस्त्रीला दाखवू. साक्षीदारासमोर."

खालापूर गेलं. पुढे उजव्या अंगाला माथेरानचा डोंगर उन्हात धुरकटला होता. मला त्याच्याकडे नीट बघायचं होतं, पण तो कधी खिडकीत यायचा, कधी समोरच्या काचेत.

चौक

चौक म्हणजे हमरस्त्याच्या दोन्ही कडांना ढाबे, टायरांचे ढीग आणि गॅरेजं. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्याचं काही मोडायचं असेल तर ते घाटाआधी इथेच मोडलेलं बरं, अशा विचाराने वसवल्यासारखं गाव. शांताराम मिस्त्रींचं गॅरेज एका आंब्याखाली होतं. अंगाने भरलेला, बोलण्यात घाई असलेला माणूस. तात्यांनी तक्रार सांगून संपायच्या आत त्यांनी निदान केलं.

"हवा कमी हाय."

हवा भरली. तात्यांनी गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. जाताना झुलत गेली, येताना झुलत आली.

"मंग चाकं. फुडची मागं टाकू."

पुढची चाकं मागे गेली, मागची पुढे आली. गाडी पुन्हा पुलापर्यंत गेली. आता तिचं झुलणं तेवढंच होतं, फक्त एक नवा आवाज आला होता.

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "तात्या, गाडी जुनी झाली," असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. हे निदान नव्हे हे त्यांनाही कळत असावं, कारण चहा संपल्यावर ते मुद्द्यावर आले. स्टेअरिंग फिरवलं की ती हालचाल दांड्यातून खाली बॉक्समध्ये जाते, बॉक्समधून आडव्या दांड्याला, दांड्यातून सांध्याला आणि तिथून चाकाला. मध्ये कुठेतरी ती मरते. कुठे मरते ते बघायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून बघायचं. मिस्त्रींच्या हाताखालचा माणूस घरची कौलं चाळायला गावी गेला होता. पाऊस तोंडावर आला की या भागातली सगळी कामं कौलांपुढे थांबतात.

तात्या म्हणाले, "म्या वर बसतो. तुमी खाली बघा."

मिस्त्री म्हणाले, "तात्या, तुमी येकदा सोताच्या डोल्यानं बघा. न्हायतर घरी जाऊन म्हनाल शांतारामनं उगा काय बी सांगितलं."

तेव्हा वर कोण बसणार, असा प्रश्न उभा राहिला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, मला गाडी चालवता येत नाही, त्यापेक्षा मीच खाली जातो, बघायला काय लागतं. त्यावर तिघांच्याही चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी भर बाजारात धोतर सोडायला निघालो आहे की काय असं मला वाटलं.

"धोंड्याच्या महिन्यात जावयाला गाडीखाली?" मिस्त्री म्हणाले. "मला पोरंबाळं हायेत, जावईबापू."

शेवटी मी स्टेअरिंगवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. तात्या आणि मिस्त्री आडवे होऊन गाडीखाली सरकले, दोघांचे पाय तेवढे बाहेर राहिले. खालून मिस्त्रींचा आवाज आला. एरवी ते हाताखालच्या माणसाला हलव रं, थांब रं करत असणार. मला ते म्हणाले, "जावईबापू, तसदी देतो. जरा हलवता का?"

मी हलवलं.

"आता मेहेरबानी करून थांबा."

मी थांबलो. असं बराच वेळ चाललं. इतक्या अदबीने दुरुस्त झालेली दुसरी गाडी त्या रस्त्यावर नसेल. मला मात्र एक गोष्ट हातांनी कळली. स्टेअरिंग वीतभर फिरत होतं आणि खाली काहीच होत नव्हतं. वीतभर रिकामं गेल्यावर मग कुठे खालून काहीतरी ओढ लागायची.

"बघितलं, तात्या?" खालून मिस्त्री. "बॉक्सच हालतो. बोल्ट ढिले हायेत. वर फिरवलं की बॉक्स सोताच डुलतो, दांड्याला काय जात नाय."

"आन् ह्यो सांधा?"

"त्याची तर वाटी झिजून गेली. गोटी खुळखुळते आतमंदी."

मग बाहेर राहिलेले पाय सरकले आणि मागून तात्या आले. तोंडाला काळं वंगण, टोपी हातात, आणि चेहरा असा की जणू कोणी त्यांना कोर्टातून सोडलं होतं. माणूस इतका आनंदी असताना त्याच्याकडे बघायला बरं वाटतं. मलाही बरं वाटलं.

"सुमन," ते म्हणाले, "आईला सांग. गाडी व्हती. हात न्हवते."

"तुमीच सांगा," सुमन म्हणाली.

बॉक्सचे बोल्ट आवळून झाले. सांध्याची वाटी या गाडीची मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी भंगाराच्या डब्यातून कुठल्याशा ट्रकची काढली आणि ती कानशीने घासत बसले. घासायची, बसवून बघायची, पुन्हा काढायची. फार घट्ट बसली तर वळणावर स्टेअरिंग अडकतं, सैल राहिली तर सगळं मुसळ केरात. यात दुपार गेली. आम्ही आंब्याखाली बसून डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या एका ठाकूर बाईकडून पळसाच्या पानात करवंदं घेतली. आमच्याकडे करवंद म्हणजे लोणच्याचं. इथे ती काळी, पिकलेली, खाल्ल्यावर ओठ चिकटवणारी. समोरच्या ढाब्यावर उसळ होती, पण सुमनने मला तिथे जाऊ दिलं नाही. अधिक महिन्यात जावयाने कोणाच्या तव्यावरचं खावं यालाही नियम आहे म्हणे. करवंदांना तवा लागत नाही.

काम झाल्यावर मिस्त्री स्वतः गाडी पुलापर्यंत घेऊन गेले. गाडी सरळ गेली, सरळ आली. रुळांवरून जावी तशी. तात्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून बघत होते. ट्रकवाले शिव्या देऊन वळसा घालत होते, तात्यांना ऐकू येत नव्हतं.

राबातून

चौकातून कर्जतच्या रस्त्याला लागलो. तात्यांनी टोपी पुन्हा नीट केली, मला पुढे बसवलं आणि म्हणाले, "आता बघा."

गाडी निघाली आणि झुलू लागली.

मला आधी वाटलं, वाटी निसटली. गाडी उजवीकडे गेली, डावीकडे आली, सकाळपेक्षा जोरात आणि तडक. मी तात्यांच्या हातांकडे पाहिलं. ते पाखडत होते. इकडे थोडे, तिकडे थोडे, सकाळसारखेच. सकाळी त्यातलं निम्मंअधिक वाटेत जिरत होतं. आता मिस्त्रींनी सगळं घट्ट केलं होतं आणि हातांनी जे जे सांगितलं ते चाक मुकाट ऐकत होतं.

इतकी वर्षं सैल गाडी सरळ ठेवता ठेवता हातांना ती सवय लागली होती. गाडी बरी झाली, हातांना ते कोणी कळवलं नव्हतं.

"तात्या," मागून सुमन हळूच म्हणाली, "हात गप्प ठेवा."

"गप्पच हायेत गं."

ते खरंच तसं समजत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे खोटं नव्हतं. सुमनने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी खाली बघितलं, आपल्याच हातांकडे, आणि घट्ट धरून ते थांबवले. समोर वळण आलं. थांबवलेले हात एकदम जागे झाले, नेहमीच्या हिशेबाने जास्तच फिरले, आणि आम्ही रस्ता सोडून एका शेतात शिरलो.

आमच्याकडे पेरणीआधी शेत नांगरतात. इथे भाताच्या रोपांसाठी जागा करायची तर त्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या काळ्या राखेत पहिल्या पावसाला दाणे टाकायचे. आम्ही ज्या राबात शिरलो तो नुकताच जळून निवला होता. राख उडाली आणि तळाच्या भोकांतून सगळी आत आली. खोकला थांबला तेव्हा मी नारायण राहिलो नव्हतो, निदान वर्णाने विठोबाच्या जवळ गेलो होतो.

शेताच्या बांधावर एक म्हातारी उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, चाकांच्या दोन खोल रेघांकडे पाहिलं.

"तात्या, नांगर घरी इसरलात का?"

तात्या उतरले. एरवी त्यांनी तिला तिथल्या तिथे ऐकवलं असतं. आज ते चाकाने उकरलेली राख पायाने सारखी करत राहिले. आम्ही तिघांनी आणि म्हातारीने मिळून गाडी रस्त्यावर ढकलली. पुढचा रस्ता तात्यांनी बैलगाडीच्या चालीने काटला. एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेलीही.

गावाची वेस आली तसे ते म्हणाले, "काय सांगाल ते सांगा. म्या नाय काय बोलत."

खोटं सांगा म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. मी सांगितलंही असतं. पण ते तसं म्हणाले नाहीत, आणि मला रात्रीच्या जेवणात वालाच्या बिरड्याची चव लागली नाही. हे बिरडं म्हणजे मोड आणून सोललेले कडवे वाल. आमच्याकडे मिळत नाही, म्हणून वाईट जास्त वाटलं.

सासूबाईंनी दारातच गाडीची राखेने भरलेली चाकं पाहिली होती. त्या उद्याच्या पुरणाची डाळ निवडत बसल्या.

धोंडा

दुसऱ्या दिवशी पाट मांडले, रांगोळी काढली, मला आणि सुमनला बसवून ओवाळलं. तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर दिवा. या महिन्याचं वाण जाळीदार वस्तूचं द्यायचं असतं, म्हणून अनारसे, त्यांची जाळी सासूबाईंनी फार सुरेख पाडली होती. पानात धोंडे, वर तुपाची धार. तात्या शेजारच्या पाटावर होते. त्यांनी सकाळपासून दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते.

दुसरा धोंडा वाढताना सासूबाईंनी विचारलं. "जावईबापू, बघितलंत. गाडी का हात?"

मी घास गिळला. "गाडीत दोष होता, मामी. चौकात काढला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी तेवढ्यावरच थांबलो आणि पानाकडे बघू लागलो. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. शब्द खाली पडू द्यायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून त्या हळूहळू मान हलवायच्या बेतात होत्या.

"आन् हातात पन," तात्या म्हणाले.

तात्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि उठून ती माझ्या वाणाच्या ताटात, अनारशांवर ठेवली. "जाळीदार वस्तू द्यायची असते ना," ते म्हणाले. "तिच्या तळाला भोकं हायेतच. भंगारात नको. जावयाला द्या."

त्यात हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. सुमन रडू लागली. मी नारायणाच्या पाटावर होतो आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सासूबाई जिंकल्या होत्या. पण त्यांच्याकडे बघून कोणाला ते ओळखता आलं नसतं. हातातली पळी तशीच धरून त्या किल्लीकडे बघत होत्या. मग त्यांनी तात्यांच्या पानात एक धोंडा वाढला, त्यावर तूप घातलं, आणि आत निघून गेल्या.

खळं

सकाळी मी ओसरीवर चहा पीत होतो. बरोबर तांदळाची भाकरी होती, पांढरी आणि मऊ. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जे चावावं लागतं ते इथे लागत नाही. तात्या अंगणाच्या टोकाला पाठ करून बसले होते. गाडी त्यांच्या समोर होती, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"जावईबापू, तुमाला येते का गाडी चालवाया?"

"नाही, मामी."

"मंग शिकवनार कोन?"

सूप थांबलं नाही. तात्या मात्र वळले. आधी सासूबाईंकडे, मग माझ्याकडे बघितलं.

घरामागे भात झोडायचं खळं आहे. शेणाने सारवलेलं, टणक, आणि या दिवसांत रिकामं. गाडी तिथे नेली, म्हणजे ढकलून नेली. मी स्टेअरिंगवर बसलो, तात्या डावीकडे. दार लावणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. सासूबाई आत आल्या, पाय वर घेतले आणि पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून बसल्या. शिमग्यानंतर त्या पहिल्यांदा गाडीत बसल्या होत्या. तात्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टोपी तेवढी नीट केली.

क्लच, गिअर, पाय कुठे, हे सगळं झालं. गाडी दोनदा उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. मला काहीच येत नव्हतं, त्यामुळे हातांना कसली सवय नव्हती. गाडी खळ्यावरून सरळ चालली.

"हात गप्प ठेवा, जावईबापू," तात्या म्हणाले.

"त्यांचे गप्पच हायेत," मागून सासूबाई म्हणाल्या. "तुमचे ठेवा."

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तात्यांचे हात मांडीवर इकडे थोडे, तिकडे थोडे हलत होते. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसले.

गाडी तशीच सरळ गेली. वळवायचं कसं हे अजून मला सांगितलेलं नव्हतं, आणि ते सांगायला तात्यांना हात मोकळे करावे लागले, त्यामुळे आम्ही खळ्याच्या टोकाला असलेल्या पेंढ्याच्या उडवीत गेलो. काचेवर पेंढा आला. आत अंधार झाला. मागून सासूबाईंचा आवाज आला, "सरळ गेली पन." मग त्यांना हसू आवरेना, आणि मग तात्यांनाही.

कऱ्हाडला परतल्यापासून लोक विचारतात, धोंड्याला काय मिळालं. मी सांगतो, मोटारगाडी. मग ती कुठे आहे, असं विचारतात. ती तिकडेच आहे. मला अजून वळायला येत नाही आणि शिकायला तात्यांकडेच जावं लागतं. निघताना मी सासूबाईंना म्हटलं होतं, पुढच्या खेपेला लवकर शिकून घेतो.

त्या म्हणाल्या, "घाई नाय."